सिंगापूरची नोंदणी, भारताचा व्यवसाय: फोनपे प्रकरणाचा अभ्यास

सिंगापूरमध्ये खासगी कंपनी नोंदवण्यासाठी 315 सिंगापूर डॉलर सरकारी शुल्क लागते. त्यातले 15 नावाच्या अर्जाचे आणि 300 नोंदणीचे. रुपयांत ही रक्कम वीस हजारांच्या आसपास जाते. सिंगापूरमधून कंपनीचे मुख्य ठाणे भारतात आणण्यासाठी मात्र फोनपेच्या गुंतवणूकदारांना जवळपास 8,000 कोटी रुपये कर भरावा लागला, असे कंपनीचे सहसंस्थापक समीर निगम यांनी जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले. या दोन रकमांची थेट तुलना करणे योग्य नाही, कारण पहिली रक्कम शुल्काची आहे आणि दुसरी मधल्या काळात वाढलेल्या मूल्यावरील कराची. तरीही परदेशात कंपनी नोंदवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने त्या दोन्ही एकदा शेजारी मांडून पाहाव्यात, कारण नोंदणीची चौकशी करताना पहिलीच रक्कम सांगितली जाते आणि दुसरीबद्दल विचारण्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोनपेचे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण त्याचा आकार हे नाही. भारतात ग्राहक, भारतात कर्मचारी, भारतीय नियामक आणि परदेशात नोंदलेली मुख्य कंपनी ही रचना गेल्या पंधरा वर्षांत असंख्य लहानमोठ्या उद्योगांनी स्वीकारली. ती का स्वीकारली गेली, ती कशी चालते आणि ती उलगडताना नेमके काय होते, हे तिन्ही टप्पे या एका प्रकरणात सार्वजनिक माहितीच्या आधारे पाहता येतात.

सिंगापूरची निवड कोणी आणि कशासाठी केली

पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की फोनपेने सिंगापूर स्वतःहून निवडले नव्हते. ती निवड फ्लिपकार्टची होती. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी 2007 मध्ये बंगळुरूत पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीपासून फ्लिपकार्टची सुरुवात केली. 2011 मध्ये समूहाची मुख्य कंपनी सिंगापूरमध्ये नोंदली गेली आणि भारतात घाऊक व्यापार, ऑनलाइन बाजारपेठ व मालवाहतूक अशी कामे करणाऱ्या कंपन्या तिच्या मालकीखाली आल्या.

त्या काळातील परिस्थिती आठवली तर हा निर्णय समजून घेता येतो. मोठे भांडवल देऊ शकणारे बहुतेक गुंतवणूकदार अमेरिकेतील होते आणि त्यांना पैसे ज्या कंपनीत घालायचे तिचा कायदा परिचयाचा हवा होता. सिंगापूरचा कंपनी कायदा इंग्लिश परंपरेतला असून तेथील न्यायालये आणि लवाद व्यवस्था यांच्यावर त्यांचा विश्वास होता. भारतीय कंपनीचे शेअर अनिवासी व्यक्तीला देताना किंवा तिच्याकडून परत घेताना फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, याखालील किमतीचे नियम लागू होत. सिंगापूरच्या कंपनीचे शेअर एका परदेशी गुंतवणूकदाराकडून दुसऱ्याकडे जाताना ते लागू होत नसत. सिंगापूरमध्ये भांडवली नफ्यावर सर्वसाधारणपणे कर नव्हता, लाभांश देताना करकपात नव्हती, कंपनीच्या उत्पन्नावरील कराचा दर 17 टक्के होता आणि 2005 मध्ये भारत-सिंगापूर कर करारात झालेल्या दुरुस्तीमुळे भारतीय कंपनीच्या शेअर विक्रीवरचा नफाही भारतात करमुक्त राहू शकत होता.

याशिवाय शेअर बाजारात उतरण्याचा प्रश्न होता. तोट्यात चालणाऱ्या तरुण कंपनीला मुंबईच्या शेअर बाजारात जागा मिळेल असे त्या वेळी फारसे कोणाला वाटत नव्हते, आणि भारतीय कंपनीला भारतात आधी किंवा बरोबरीने शेअर नोंदवल्याशिवाय परदेशी बाजारात जाणे कठीण होते. मेकमायट्रिपची मुख्य कंपनी मॉरिशसमध्ये नोंदलेली होती आणि ती ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅकवर दाखल झाली, हे ताजे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पुढे 2012 मध्ये भारतीय खासगी कंपन्यांनी रास्त मूल्यापेक्षा अधिक किमतीला दिलेल्या शेअरांवर तथाकथित एंजल टॅक्स आला. तो नव्या उद्योजकांना परदेशाकडे ढकलणारे आणखी एक कारण ठरला. हा कर 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. परदेशी पैसा असलेल्या कंपनीने भारतातील ग्राहकांना ऑनलाइन थेट माल विकू नये, हा भारताचा परकीय गुंतवणुकीचा नियम सिंगापूरला नोंदणी केल्याने टळत नव्हता. नोंदणी कोठेही असली तरी व्यवसाय जेथे चालतो तेथील नियम त्याला लागू राहतात. करार, भांडवल उभारणी आणि गुंतवणूकदारांची सोय एवढ्यापुरता परदेशी नोंदणीचा उपयोग होता. तो खरा होता, पण मर्यादित होता.

नोंदणी प्रत्यक्षात कशी होते

सिंगापूरमधील कंपन्यांची नोंदणी अक्रा ही सरकारी संस्था बिझफाइल या ऑनलाइन यंत्रणेद्वारे करते. कागदपत्रे नीट असतील आणि नावाबद्दल आक्षेप नसेल, तर काम फार लवकर होते. किमान एक भागधारक आणि एक सिंगापूर डॉलर इतके भरणा भांडवल पुरते. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता सिंगापूरमधील खराखुरा असावा लागतो. टपालपेटी चालत नाही. किमान एक संचालक सिंगापूरचा नित्य रहिवासी असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. परदेशातील अर्जदाराला हा अर्ज स्वतः करता येत नाही; त्याला तेथील नोंदणीकृत सेवा कंपनीमार्फत जावे लागते.

यातील रहिवासी संचालकाची अट वरवर पाहता किरकोळ वाटते, आणि सेवा कंपन्या वार्षिक मोबदला घेऊन नाममात्र संचालक पुरवतात. माझ्या मते संपूर्ण रचनेतील सर्वांत नाजूक जागा हीच आहे. ज्याला व्यवसायाची काही माहिती नाही, अशी व्यक्ती कायद्याने तुमच्या कंपनीची संचालक असते आणि संचालकाची पूर्ण कायदेशीर जबाबदारी तिच्यावर असते. त्यामुळे ती व्यक्ती अनामत मागते, हमीपत्र मागते आणि बँकेने एखादा प्रश्न विचारताच राजीनाम्याची भाषा करू शकते. सिंगापूर सरकारनेही ही जागा ओळखली. जून 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने अशा सेवा कंपन्यांवर कडक देखरेख आणली असून, नाममात्र संचालक त्या कामासाठी योग्य आहे याची खातरजमा करणे त्यांच्यावर बंधनकारक केले आहे. 2017 पासून प्रत्येक कंपनीला तिच्यावर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या व्यक्तींची नोंदवहीही ठेवावी लागते.

नोंदणीनंतर बँक खात्याचा टप्पा येतो, आणि बहुतेकांचा वेळ तेथे जातो. व्यवसाय भारतात, संचालक भारतात, ग्राहक भारतात असतील तर सिंगापूरमध्ये खाते कशासाठी, हा बँकेचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. दरवर्षी हिशेब, वार्षिक सभा (सूट नसेल तर), अक्राकडे वार्षिक विवरण आणि कर खात्याकडे विवरण ही कामे ठरलेल्या मुदतीत करावी लागतात.

यापुढचा मुद्दा कराचा आहे आणि तो नोंदणीच्या दाखल्यावर ठरत नाही. सिंगापूरच्या दृष्टीने कंपनी तेथील कर-रहिवासी आहे की नाही, हे तिचे नियंत्रण आणि व्यवस्थापन कोठून होते त्यावर ठरते. भारतानेही 2015 मध्ये आयकर कायदा बदलून अशीच कसोटी आणली: परदेशी कंपनीचे महत्त्वाचे व्यवस्थापकीय आणि व्यापारी निर्णय प्रत्यक्षात भारतातून घेतले जात असतील, तर ती कंपनी भारताची कर-रहिवासी मानली जाऊ शकते. कर विभागाच्या 2017 मधील परिपत्रकानुसार वर्षाची उलाढाल 50 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपन्यांना ही कसोटी लावली जात नाही. त्याहून मोठ्या कंपनीने सिंगापूरचा पत्ता ठेवून सर्व निर्णय पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कार्यालयात घेतले, तर तो पत्ता कराच्या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही.

फोनपेला वारशाने मिळालेली रचना

समीर निगम, राहुल चारी आणि बुर्झिन इंजिनियर यांनी डिसेंबर 2015 मध्ये फोनपे सुरू केली आणि एप्रिल 2016 मध्ये ती फ्लिपकार्टने घेतली. त्याच महिन्यात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआयची घोषणा केली होती. अशा रीतीने रोख रकमेऐवजी मोबाइलवरून पैसे देण्याची सोय करणारी, नखशिखांत भारतीय व्यवस्थेवर उभी असलेली कंपनी एका ऑनलाइन दुकानासाठी तयार केलेल्या सिंगापूरच्या रचनेत जाऊन बसली. फ्लिपकार्टसाठी सिंगापूर निवडताना जी कारणे विचारात घेतली गेली, त्यांपैकी फारच थोडी फोनपेला लागू होती.

दुकानाचा नियामक आणि पैशाचा नियामक यांत मोठा फरक असतो. पैशाच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचा संबंध रोजचा आहे. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने भारतातील पेमेंट व्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. फोनपेने पुढे विमा दलालीचा परवाना घेतला, म्युच्युअल फंडांच्या विक्रीत पाऊल टाकले. म्हणजे विमा नियामक आणि सेबी हे आणखी दोन नियामक आले. यूपीआयवरील जवळजवळ निम्मे व्यवहार एका अ‍ॅपमधून होत असतील, तर त्या अ‍ॅपची मालकी शेवटी कोणाकडे आहे, हा प्रश्न देशातील प्रत्येक नियामक विचारणार, यात आश्चर्य काही नाही.

दरम्यान फ्लिपकार्टची मालकी बदलली. मे 2018 मध्ये वॉलमार्टने सुमारे 16 अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. विकले जाणारे शेअर सिंगापूरच्या कंपनीचे होते आणि विकणारे बहुतांश परदेशी होते. तरीही 2012 मध्ये भारताने कायद्यात केलेल्या दुरुस्तीनुसार, परदेशी कंपनीच्या शेअरांचे मूल्य मुख्यतः भारतातील मालमत्तेतून येत असेल तर त्यांच्या विक्रीवर भारत कर आकारू शकतो. त्यामुळे वॉलमार्टने विक्रेत्यांच्या रकमेतून कर कापून भारतीय कर विभागाकडे सुमारे 7,400 कोटी रुपये जमा केले. टायगर ग्लोबल या गुंतवणूकदाराचा याच विक्रीबद्दलचा कराचा वाद कराबाबत आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणापासून दिल्ली उच्च न्यायालय आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातच भारत-सिंगापूर करारातील सवलतही आटली: डिसेंबर 2016 मधील दुरुस्तीने 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या भारतीय शेअरांवरील नफ्यावर कर आकारण्याचा हक्क भारताकडे आला.

2011 मध्ये ज्या तीन आधारांवर सिंगापूरची निवड झाली होती, ते असे एकेक करून सुटत गेले. कराची सवलत राहिली नाही. जुलै 2021 मध्ये तोट्यात असलेली झोमॅटो मुंबईच्या शेअर बाजारात दाखल झाली आणि भारतीय गुंतवणूकदार तरुण कंपन्यांना स्वीकारतात हे दिसून आले. तिसरा आधार, म्हणजे करार आणि न्यायालयांची सोय, तेवढा शिल्लक होता, आणि भारतीय नियामकांशी रोजचा संबंध असलेल्या कंपनीला तो पुरेसा नव्हता.

परतीचे तीन टप्पे

डिसेंबर 2020 मध्ये फोनपे फ्लिपकार्टपासून अंशतः वेगळी झाली. ऑक्टोबर 2022 मध्ये कंपनीने मुख्यालयाची नोंदणी सिंगापूरहून भारतात आणल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी उचललेली तीन पावले सांगितली. फोनपे सिंगापूरच्या ताब्यातील सर्व व्यवसाय आणि उपकंपन्या, विमा दलाली आणि गुंतवणूक सेवांसह, थेट भारतीय कंपनीच्या मालकीखाली आणल्या गेल्या. तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, भारतीय कंपनीच्या नव्या योजनेत हलवले गेले. आणि इंडस ओएस या अ‍ॅप स्टोअरची मालकी सिंगापूरहून भारताकडे आणली गेली.

तिसरे पाऊल मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे आहे. इंडस ओएस ही आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी मुंबईत उभी केलेली, भारतीय भाषांमधून मोबाइल वापरणाऱ्यांसाठी काम करणारी कंपनी. तिची मुख्य कंपनी ओएसलॅब्ज मात्र सिंगापूरमध्ये नोंदलेली होती. 2021 मध्ये फोनपेने ती विकत घ्यायला सुरुवात केल्यावर आधीच्या एका भागधारकाशी हक्कांवरून वाद झाला आणि तो सिंगापूरच्या न्यायालयात गेला. मराठी, गुजराती, तमिळ वापरकर्त्यांसाठी भारतात तयार झालेल्या मालाची मालकी कोणाची, हे ठरवण्यासाठी वकील सिंगापूरचे, कायदा सिंगापूरचा आणि खर्च सिंगापूर डॉलरमध्ये, असे चित्र तयार झाले. परदेशी नोंदणी निवडताना आपण वादाचे ठिकाणही निवडत असतो, ही बाब करार करताना लक्षात येत नाही. ती पहिल्या भांडणात लक्षात येते. हा वाद पुढे मिटला.

ओएसलॅब्ज सिंगापूरची कंपनी म्हणून राहूनही तिची मालकी भारतीय कंपनीकडे येऊ शकली, याचे श्रेय 22 ऑगस्ट 2022 पासून लागू झालेल्या, भारतीयांच्या परदेशातील गुंतवणुकीच्या नव्या नियमांना जाते. फोनपेने आपल्या निवेदनात याचा स्पष्ट उल्लेख केला होता. जुन्या नियमांत भारतीय कंपनीने परदेशी कंपनी घ्यायची आणि त्या परदेशी कंपनीची पुन्हा भारतात उपकंपनी असायची, ही रचना रिझर्व्ह बँकेच्या विशेष मंजुरीशिवाय शक्य नव्हती. नव्या नियमांनी उपकंपन्यांच्या दोन स्तरांची मर्यादा घालून तो मार्ग खुला केला.

डिसेंबर 2022 मध्ये शेवटची पायरी झाली. वॉलमार्टच्या पुढाकाराने फ्लिपकार्ट सिंगापूर आणि फोनपे सिंगापूर यांच्या भागधारकांनी फोनपेच्या भारतीय कंपनीचे शेअर थेट विकत घेतले आणि फोनपे पूर्णपणे वेगळी, पूर्णपणे भारतात नोंदलेली कंपनी झाली.

8,000 कोटी कोठून आले

सामान्य माणसाला यातून पडणारा प्रश्न अगदी साधा आहे: मालक तेच, कंपनी तीच, व्यवसाय तोच, मग कर कशावर? उत्तर वरच्या शेवटच्या वाक्यात आहे. भागधारकांनी शेअर विकत घेतले, म्हणजे ज्यांच्याकडे ते आधी होते त्यांनी ते विकले. कायद्याच्या नजरेत सिंगापूरची कंपनी आणि तिचे भागधारक या स्वतंत्र व्यक्ती आहेत. हस्तांतर त्या दिवसाच्या बाजारमूल्याने धरावे लागते आणि मूळ किमतीपेक्षा जेवढी वाढ झाली तेवढा भांडवली नफा ठरतो. फोनपेचे मूल्य डिसेंबर 2020 मधील भांडवल उभारणीत साडेपाच अब्ज डॉलर धरले गेले होते. जानेवारी 2023 मध्ये जनरल अटलांटिक या अमेरिकी गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या उभारणीत ते 12 अब्ज डॉलर होते. कंपनीची भरभराट जितकी मोठी, तितकी परतीची किंमत मोठी.

या करामागे रोख पैसा आलेला नव्हता, ही यातली खरी बोच आहे. साधारणतः माणूस काही विकतो, हाती पैसे येतात आणि त्यातून तो कर भरतो. येथे गुंतवणूकदाराकडे आधी कागदावर जी मालकी होती तीच दुसऱ्या कागदावर आली, आणि कर मात्र खिशातून गेला. फोनपेमागे वॉलमार्टसारखा मालक होता म्हणून हे निभावले. शेअर बाजारात जायला अजून बरीच वर्षे असलेल्या कंपनीसाठी हा फार मोठा धक्का ठरेल, असे निगम यांनी त्याच वेळी म्हटले होते, आणि ते मला पूर्णपणे पटते. वीस-पंचवीस कोटींच्या कंपनीला प्रमाण तेच लागू होईल, पण तिच्यामागे वॉलमार्ट नसेल.

दुसरा फटका साचलेल्या तोट्याचा होता. भारतीय आयकर कायद्यात खासगी कंपनीला मागील वर्षांचा तोटा पुढील नफ्यातून वजा करता येतो. मात्र तोटा झाला त्या वर्षाचे भागधारक आणि वजावट घेण्याच्या वर्षाचे भागधारक यांच्यात किमान 51 टक्के मताधिकारापुरते सातत्य असावे लागते. मालकी सिंगापूरच्या कंपनीकडून थेट भागधारकांकडे गेली की हे सातत्य तुटल्याचे मानले जाऊ शकते. सुमारे 90 कोटी डॉलरच्या साचलेल्या तोट्याची वजावट हातची जाण्याचा धोका निगम यांनी सांगितला होता. उभारणीच्या काळात मुद्दाम तोटा सोसणाऱ्या व्यवसायासाठी हा तोटा म्हणजे पुढील करातून मिळणारी सूटच असते.

तिसरा भाग कर्मचाऱ्यांचा आहे, आणि अशा चर्चांमध्ये तो नेहमी शेवटी येतो, हे योग्य नाही. ईसॉप घेतलेला कर्मचारी कमी पगारावर अनेक वर्षे थांबलेला असतो, आणि ठरावीक काळ पूर्ण झाल्यावर त्याचा शेअरवरचा हक्क पक्का होत जातो. भारतीय कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ईसॉप दिल्यापासून हक्क पक्का होण्यापर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. जुनी योजना सिंगापूरच्या कंपनीची, नवी योजना भारतीय कंपनीची. त्यामुळे स्थलांतरित ईसॉप नवे दिलेले मानले गेले आणि घड्याळ शून्यावर आले. ज्यांची तीन-तीन वर्षे झाली होती त्यांनाही नव्याने एक वर्ष थांबावे लागले. ज्या निर्णयात त्यांचा काहीच सहभाग नव्हता त्याचा हा परिणाम होता. परदेशात नोंदलेल्या कंपनीचे ईसॉप स्वीकारणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांनी नियुक्तिपत्रात आकड्यासोबत हे शेअर नेमके कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या देशातील आहेत, हे जरूर पाहावे.

लहान उद्योजकाला यातून लागू होणारा भाग

आज महाराष्ट्रातील एखादी दहा-बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी सिंगापूरला मुख्य कंपनी नोंदवू पाहत असेल, तर तिच्यापुढे फ्लिपकार्टच्या वेळेपेक्षा वेगळे नियम आहेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दर आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि तिच्यातून परदेशी कंपनीचे शेअर घेता येतात. पण त्या परदेशी कंपनीवर त्या व्यक्तीचे नियंत्रण असेल, तर तिला उपकंपनी असता कामा नये, अशी 2022 च्या नियमांतील अट आहे. म्हणजे संस्थापकाने स्वतः सिंगापूरची कंपनी काढायची आणि तिच्या नावाने पुण्यात उपकंपनी उघडायची, हा एके काळचा रुळलेला मार्ग निवासी भारतीयासाठी जवळजवळ बंद आहे. भारतीय कंपनीने परदेशात उपकंपनी काढणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी ती आपल्या निव्वळ मालमत्तेच्या चौपटीपर्यंत बँकेमार्फत गुंतवणूक करू शकते. बँकेकडे ठरलेला अर्ज, रिझर्व्ह बँकेकडून मिळणारा विशिष्ट क्रमांक, दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल आणि संस्थापकाच्या स्वतःच्या नावावर शेअर असल्यास त्याच्या आयकर विवरणात परदेशी मालमत्तेची नोंद, ही कामे चुकवून चालत नाहीत. ही नोंद राहिली तर काळ्या पैशाविरुद्धच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, आणि तो अनेकदा अत्यंत प्रामाणिक पण बेसावध माणसांवर येतो.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी उद्योजकाची स्थिती वेगळी आहे. अनिवासी असताना तेथील कमाईतून घेतलेले शेअर भारतात परतल्यावरही त्याला फेमानुसार ठेवता येतात. त्याच्यासाठी प्रश्न फेमाचा उरत नाही, कराच्या निवासाचा उरतो.

ग्राहक खरोखर परदेशात असतील, उदाहरणार्थ सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियातील बँकांना सॉफ्टवेअर विकायचे असेल, तर तेथे उपकंपनी असणे व्यवहाराला सोयीचे ठरते आणि मी स्वतः तिचीच शिफारस करेन. फोनपेच्या बाबतीत तसे नव्हते. तेथे ग्राहक भारतात, नियामक भारतात आणि पुढे शेअर घेणारे सामान्य गुंतवणूकदारही भारतातलेच असणार होते. परदेशी होता तो फक्त त्या टप्प्यावर पैसे देणारा. गुंतवणूकदार आठ-दहा वर्षांनी बाहेर पडतो, नियामक कायम राहतो. नोंदणीच्या देशाचा निर्णय घेताना मी गुंतवणूकदाराच्या आवडीपेक्षा नियामकाच्या पत्त्याला अधिक वजन देईन.

2024 नंतर बदललेले

2022-23 च्या आर्थिक पाहणी अहवालाने परदेशी गेलेल्या भारतीय कंपन्यांच्या परतीची स्वतंत्र दखल घेतली. ग्रो या गुंतवणूक सेवा कंपनीने अमेरिकेतील डेलावेअरहून भारतात येताना 2023-24 मध्ये सुमारे 1,340 कोटी रुपये कर भरला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती भारतीय बाजारात दाखल झाली. फोनपेही 2025 मध्ये पब्लिक लिमिटेड झाली आणि तिने सेबीकडे शेअर विक्रीचा गोपनीय मसुदा दिला. ज्या फ्लिपकार्टकडून सिंगापूरचा वारसा आला होता, तिनेही त्याच वर्षी मुख्य कंपनी भारतात आणण्याचा निर्णय घेतला.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांच्या विलीनीकरणाचे नियम बदलले. परदेशी मुख्य कंपनी तिच्या पूर्ण मालकीच्या भारतीय उपकंपनीत विलीन होणार असेल, तर आता राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या लांबलचक प्रक्रियेऐवजी प्रादेशिक संचालकांमार्फत जलद मार्गाने जाता येते. दोन्ही कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते. विलीनीकरणाच्या अटी पाळल्या आणि उरणारी कंपनी भारतीय असली, तर भारतीय आयकर कायदा त्या हस्तांतराला विक्री मानत नाही. फोनपेच्या 8,000 कोटींमागचे मूळ कारण, म्हणजे शेअरांची खरेदी-विक्री, या मार्गात टाळता येते.

परंतु हा मार्ग फोनपेला जसाच्या तसा वापरता आला नसता. तिला नुसते सिंगापूर सोडायचे नव्हते, त्याच वेळी फ्लिपकार्टपासून वेगळेही व्हायचे होते, आणि वेगळे होणे हे विलीनीकरणाने साधत नाही. शिवाय तोट्याच्या वजावटीसाठी मालकीच्या सातत्याची अट विलीनीकरणाच्या वेळीही तपासावी लागते, परदेशी भागधारकाच्या स्वतःच्या देशात त्याच्यावर कर लागतो का हे त्या देशाचा कायदा ठरवतो, आणि कर्मचाऱ्यांच्या ईसॉपचा प्रश्न विलीनीकरणाच्या योजनेत स्पष्ट कलम घालूनच सोडवावा लागतो. जलद मार्गाने वेळ आणि न्यायाधिकरणाचा खर्च वाचतो; या तीन बाबींचा हिशेब मात्र प्रत्येक कंपनीला आपापल्या सनदी लेखापालाबरोबर बसून, परतीची तारीख ठरवण्याआधीच मांडावा लागतो.